साडेचारच्या गाडीपर्यंत

लहानपणी आईसोबत दर्यापूरच्या बाजाराला यायची, तेव्हा मला बाजारात एकच गोष्ट पाहायची असायची. मेन लाइनवर, म्हणजे बाजाराच्या मुख्य रस्त्यावर, कापडाच्या दुकानावर एक गॅलरी होती आणि त्या गॅलरीत एक बाई न्हालेले केस मोकळे सोडून उभी असायची. खाली बैलगाड्या, सायकली, गुळाच्या भेल्या, त्यांवर माशा, धक्काबुक्की. आणि ही वर नुसती उभी. काही घ्यायचं नाही, काही विकायचं नाही, गाडी चुकेल म्हणून पळायचं नाही. आई माझा हात ओढायची, "चाल ना वं, काय पाह्यतं बह्याडावानी!" मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं की मोठेपणी आपण ती बाई व्हायचं.

झाले. पस्तीस वर्षं लागली, पण झाले. गॅलरी दुसरी आहे आणि खाली कापडाऐवजी कृषी सेवा केंद्र आहे, एवढाच फरक. केस मोकळे सोडून उभं राहायला मात्र अजून एकदाही सवड मिळालेली नाही.

आमचं गाव पूर्णेच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. तिथलं विहिरीचं पाणी इतकं खारं की डाळीत मीठ घालायला विसरलं तरी चालतं, फक्त ती डाळ शिजत नाही. माती काळीभोर. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की लेकराची चप्पल आत गेली की गेली, आणि पावसाळ्यात तीच माती गुडघ्यापर्यंत चढून येते. पोरगी अकरावी सायन्सला गेली, त्या वर्षी जुलैत यस्टी आठ दिवस फाट्याच्या आत आली नाही. मग हे एकदा दर्यापूरला जाऊन खोली पाहून आले आणि बोटांवर मोजून सांगायला लागले, "बस स्टँड पाच मिनिटं. तहसील सात मिनिटं. दवाखाना समोर. बँक गल्लीत. बाजार तर पायाखालीच." मी हरखून गेले. हे अंतर उलट्या बाजूनं मोजलं तरी तेवढंच भरतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

सामान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलं. सोबत गावातले अकरा जण. खोली दोन, माणसं अकरा, आणि जिना एवढा अरुंद की सासूबाईंची लाकडी कोठी सातव्या पायरीवर अडकली ती ना वर जाईना ना खाली येईना. तासभर ट्रॅक्टर भर रस्त्यात उभा. मागं ऑटो, त्यामागं उसाची गाडी, त्यामागं मुर्तिजापूरची यस्टी. कंडक्टर खाली उतरून विचारून गेला की कोण राहायला आलं, कुठल्या गावचं. त्या तासाभरात तालुक्यातल्या निम्म्या लोकांना आमचा पत्ता पाठ झाला आणि सामान उचलायला आलेल्या अकरा जणांना जिना. कोठी शेवटी परत गावाला गेली. सातवी पायरी तेव्हापासून तुटकी आहे.

तिसऱ्या दिवशी पाटीलकाका आले. दारातूनच म्हणाले, "थैला ठेवतो फक्त, सूनबाई. तहसीलात जाऊन येतो. च्या मांडू नको, मले घाई हाये." थैला ठेवला, चहा घेतला, गेले. एका थैल्यानं काय होतं, असं मला वाटलं. पण थैल्यांना थैल्यांची सोबत लागते. महिन्याभरात माझ्या दिवाणाखाली तुरीचं एक चुंगडं, कुणाच्यातरी पंपाची मोटर, लग्नाचा आहेर, दोन छत्र्या, फवारणीचा डबा आणि दुरुस्त होऊन आलेली एक शिलाई मशीन अशी मंडळी राहायला आली. मशीन चार महिने होती. मी तिच्यावर दोन पेटीकोट शिवून घेतले, तेवढंच भाडं.

थैल्यामागून माणसं आली. आमच्या गावाची गाडी सकाळी साडेनऊला दर्यापूरला पोचते आणि परतीची दुपारी साडेचारला. कामं म्हणाल तर बाराच्या आत एक तर होतात नाहीतर साहेब दौऱ्यावर असतात. राहिले साडेचार तास. एवढा वेळ माणसानं बसावं कुठं? स्टँडवर पंखा नाही, हॉटेलात बसलं की आलूबोंडा घ्यावा लागतो. मग म्हणायचं, चला वहिनींकडं, त्या काय परक्या हायेत?

मृगाच्या तोंडावर तर विचारू नका. खालच्या दुकानात सरकी घ्यायला रांग लागते. बीटी कपाशीचं पाकीट 475 ग्रॅमचं. 2025 साली त्याची किंमत होती 901 रुपये. दुकानात दहा जातींची पाकिटं असली तरी सगळ्या कास्तकारांना एकच जात हवी असते, आणि ती नेमकी आलेली नसते. मग लोक पहाटेपासून रांगेत चपला ठेवतात आणि स्वतः वर येऊन माझ्या पंख्याखाली बसतात. मी चहा गाळत असते आणि आतून आवाज येतो, "वहिनी, गॅलरीतून पाहा बरं जरा, माही चप्पल समोर सरकली का?" मी जाऊन पाहते. तुटक्या अंगठ्याची, निळ्या पट्ट्याची, एका पायाची. आता मला गावातल्या बहुतेकांच्या चपला तोंडपाठ आहेत. गॅलरीत उभं राहायचं स्वप्न होतं ना, ते असं पुरं झालं.

सरकारच्या योजना पेपरात वाचायच्या असतात असा माझा समज होता. त्या आपल्या चहाच्या भांड्यात येऊन पडतात, हे मेन लाइनवर राहिल्यावर कळलं. आम्ही आलो त्याच वर्षी, 2022 च्या ऑगस्टात, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना यस्टी फुकट झाली. मामाजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, तीन दोस्त. त्यांना दर्यापुरात काडीचं काम नसतं. पण गाडी फुकट आहे म्हटल्यावर घरी बसणं त्यांना नुकसानीचं वाटतं. साडेनऊला उतरतात, माझ्याकडं येतात, माझ्याच घरचा पेपर मला वाचून दाखवतात, जेवायच्या वेळेला "आमाले भूक नाही" म्हणत पाटावर बसतात आणि साडेचारला जातात. त्यातल्या एकाला पंचाहत्तरीला दोन वर्षं कमी होती. तो अर्धं तिकीट काढून यायचा आणि उरलेल्या अर्ध्यासाठी दिवसभर आधारकार्डाला शिव्या द्यायचा.

त्यात 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं, मीही अर्ध्या तिकिटात माहेरी जाऊन येते. पण ज्या जावा वर्षातून दोनदा बाजाराला यायच्या, त्या आता पन्नी संपली तरी येतात. माझ्याकडं आठ कप होते, चोवीस झाले. मग लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले, त्याची केवायसी आली. गावात नेटवर्क कडुलिंबाच्या झाडावर चढलं तरच मिळतं, माझ्या गॅलरीत मात्र चारही काड्या उभ्या. ओटीपी यायचा तो नवऱ्याच्या मोबाइलवर आणि नवरा वावरात. चुलत जाऊबाई गॅलरीतून ओरडत होती, "नंबर वाचा ना, नंबर! सहा आकडे पाह्यजेत!" पलीकडून चारच आकडे आले. तीनदा भरले, तीनदा चूक. मग कळलं की भावजींनी कापसाच्या भावाचा मेसेज वाचून दाखवला होता. तो भाव ऐकून मात्र गॅलरीतले सगळेच गप्प झाले.

आता मुख्य गोष्ट. ती लिहावी की नाही याचा मी बराच विचार केला.

येणारी बाई आधी पाणी मागत नाही, चहा मागत नाही. ती जिना चढून आली की पदरानं तोंड पुसते, इकडंतिकडं पाहते आणि हळूच म्हणते, "हातपाय धुवाचे होते वं माय." मी समजते. कोपऱ्यातलं दार दाखवते. ही बाई सकाळी सातला घरून निघालेली असते आणि निघताना घोटभर पाणीही प्यालेली नसते, कारण बाजारात जायचं म्हणजे जायचं कुठं हा प्रश्न. पुरुषांना काय, भिंत दिसली की त्यांची सोय झाली. "येथे लघवी करू नये" असं लिहिलेली असली तर आणखीच. बायकांनी मात्र साडेचारपर्यंत कळ काढायची. मी स्वतः लहानपणी आईला अशी कळ काढताना पाहिलंय. ती माझा हात इतका जोरात का ओढायची, ते मला या घरात आल्यावर उमगलं.

म्हणून मी एकच नियम केला. बायकांना दार उघडं, केव्हाही, ओळखीची असो नसो. पुरुषांनी खाली जावं. पुरुषांना हा अन्याय वाटतो. मामाजींच्या दोस्तांनी तर "आमी म्हातारे हावोत" म्हणून अर्ज केला. मी वयाची अट विचारात घेतली आणि पंचाहत्तरीवाल्यांना सवलत दिली, यस्टीसारखीच. त्या दिवशी त्र्याहत्तरवाले काका चहा न घेता गेले.

पाण्याची टाकी पाचशे लिटरची. बाजाराच्या दिवशी ती एक वाजता आटते. मग हे कळशा घेऊन खालच्या हापशावर जातात आणि येताना गाडगेबाबांना बोलतात. बाबा आमच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. त्यांनी ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला, पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. "सगळीकडं बांधल्या," हे धापा टाकत म्हणतात, "अन् दर्यापूरची आपल्यावर सोडून गेले!"

मी काही उपाय केले नाहीत असं नाही. एकदा दाराला बाहेरून कुलूप लावून घेतलं आणि आत चूप बसले. पाच मिनिटांत खालून दुकानदाराचा आवाज: "जा ना वर! वहिनी घरीच हायेत, कुलूप असंच हाये!" रात्रीचं तर बोलूच नये. वराती, डीजे, चौकातल्या सभा, गणपती. सगळे आमच्या खिडकीशी थांबून मगच पुढं जातात. पोरगी कानात बोळे घालून बारावीची फिजिक्स वाचायची. पास झाली, चांगले मार्क पडले आणि शिकायला अमरावतीला गेली. ज्या कारणासाठी खोली घेतली ते कारण निघून गेलं, आम्ही राहिलो.

गेल्या दिवाळीनंतर मला अगदी असह्य झालं. म्हटलं, चार दिवस गावाला जाते, ओसरीत बाज टाकून पडते. किल्ली गरजेपुरती जाऊबाईंच्या हाती दिली. गावात उतरले तर सामसूम. पाटीलकाकांकडं गेले, कुलूप. पारावर कुणी नाही. नाही म्हणायला एक कुत्रं ओळखीचं निघालं. सोसायटीच्या पायरीवर त्र्याहत्तरवाले काका बसले होते, त्यांना विचारलं. "सारे तुह्या घरी गेले ना," ते म्हणाले. "बाजार हाये आज."

त्यानंतर महिन्याभरात देवच पावला. मालकांनी भाडं एकदम हजार रुपयांनी वाढवलं. म्हणाले, जिन्यावर वापर फार आहे. आम्ही दोघं एकमेकांकडं पाहून जवळजवळ हसलोच. अमरावती रोडला नव्या लेआऊटमध्ये एक घर बघितलं. स्टँडपासून तीन किलोमीटर, ऑटो जात नाही, आजूबाजूला रिकामे प्लॉट आणि गाजरगवत. गॅलरी नाही. मी तिथल्या अंगणात पाच मिनिटं उभी राहिले. एक टिटवी ओरडली, बस. विसार द्यायचं ठरलं.

ही बातमी गावात कुणी नेली ते मला आजवर कळलेलं नाही. पण पुढच्या बाजाराला पाटीलकाका आले ते सातजणांना घेऊन. मामाजींचे तिन्ही दोस्त, दोन जावा, खताच्या दुकानातला पोरगा आणि एक बाई जिला मी फक्त कोपऱ्यातल्या दारापुरती ओळखते. सगळे गंभीर. थैला कुणी ठेवला नाही. काकांनी काखेतून वही काढली.

"खोली सोडाची नाही," ते म्हणाले. "गावात मीटिंग झाली."

"अहो काका, पण भाडं हजारानं..."

"थेच सांगून रायलो. दर घरी वीस रुपये महिना. एकोणपन्नास घरं देतो म्हणाले. नऊशे ऐंशी झाले." त्यांनी वही माझ्यासमोर धरली. खरंच नावं होती, सह्या होत्या, दोन अंगठे होते. त्र्याहत्तरवाल्या काकांच्या नावापुढं 'अर्धे' लिहून खोडलेलं होतं. "अन् त्या संडासाची कडी आतून नीट लागत नाही म्हणते ही बाई. थे मालकाले सांगा करून द्याले. टाकीबी हजाराची पाह्यजे."

ह्यांनी हिशेब केला. "काका, वीस कमी पडतात."

"कमी कसे पडतात?" काकांनी चश्म्यावरून पाहिलं. "तुमचंबी घर हाये ना गावात. पन्नासावं."

मी मिसळणाच्या डब्याखालून वीसची नोट काढून दिली. काकांनी माझं नाव लिहिलं, पुढं सही घेतली, वही काखेत घातली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत दिवाणावर मांडी ठोकली.

"सव्वातीन," ते म्हणाले. "गाडीले अजून येळ हाये."