हा प्रश्न कामकाजपत्रिकेत नाही

लांबलचक लिहिणार आहे. घाई असेल त्यांनी लाइक करून पुढे जावं, मी रागावणार नाही. आज रागवायला दुसरी माणसं आहेत.

संध्याकाळी लेकीला आणायला गेलो होतो. दोन दिवसांची 'मन' होती तिची. ज्यांच्या घरात नववी-दहावीतलं पोर आहे त्यांना कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे एमयूएन, पोरं त्याला नुसतं मन म्हणतात. शाळकरी पोरं कोट घालून जमतात, एकेकाला एकेक देश वाटून देतात आणि दोन दिवस संयुक्त राष्ट्रसंघ चालवतात. आपल्याकडे त्यात लोकसभेचीही एक समिती असते, आणि एक सर्वपक्षीय बैठक, जिथे पोरांना खरेखुरे पुढारी वाटून देतात. ही शेवटची भर अस्सल आपली. (हौसच दांडगी.) फी अडीच हजार. ब्लेझर मामेबहिणीचा, बाह्या आतून दुमडून टाके घातलेला.

लेक लोकसभेत होती. मराठवाड्यातला एक मतदारसंघ वाट्याला आला होता आणि विषय होता पीकविमा. पंधरा दिवस तिने घर डोक्यावर घेतलं होतं. पिकाचं नुकसान झालं की 72 तासांच्या आत कळवावं लागतं हे मला तिच्याकडून कळलं, आणि शेती माझ्या बापाची आहे. मग तिने आजोबांना फोन लावला. आजोबा तासगाव तालुक्यात असतात, दीड एकर सोयाबीन. तिने विचारलं, गेल्या वेळी तुम्ही का नाही कळवलंत? म्हातारा म्हणाला, "बहात्तर तास पावसानं उघडीपच दिली न्हाय बाळा. फोटू काय पाण्याचा काढू?"

ते वाक्य तिने वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. खाली लाल रेघ मारली.

आज तिने ते सभागृहात म्हटलं. मराठीत, आजोबांच्याच बोलीत. म्हणाली मुद्दामच तसं म्हटलं, कारण खासदार असता तर त्यानेही तसंच सांगितलं असतं. अध्यक्षाच्या जागी एक कॉलेजातला पोरगा होता, दुसऱ्या वर्षाचा असेल. तो म्हणाला, "इंग्लिश, डेलिगेट." ती म्हणाली हे एका शेतकऱ्याचे शब्द आहेत. तो म्हणाला, "ट्रान्सलेट ऑर यील्ड." म्हणजे भाषांतर कर, नाहीतर बोलायची वेळ सोड. तिने भाषांतर केलं. शूड आय टेक अ फोटो ऑफ वॉटर. मागून कोणीतरी खुसकन हसलं आणि माझी लेक खाली बसली.

हे सगळं मला घरी येताना कळलं. अर्धा रस्ता ती गप्पच होती. राजाराम पुलावर सिग्नलला थांबलो तेव्हा मागून म्हणाली, "बाबा, इंग्रजीत ते वाक्य मरतं हो."

तेव्हापासून डोकं तापलंय.

अरे, ज्या लोकसभेची तुम्ही नक्कल करताय त्या लोकसभेत मराठी चालते! संविधानाच्या 120व्या कलमात सोय आहे. ज्या सदस्याला हिंदी-इंग्रजीत नीट मांडता येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. तिथे दुभाषे बसलेले असतात, मराठीतलं भाषण बाकीच्यांना कानात अनुवादित ऐकू येतं. आपल्या विधानसभेत 288 माणसं बसतात आणि कामकाज मराठीत चालतं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, हरकतीचा मुद्दा, औचित्याचा मुद्दा, सभात्याग. काय एकेक शब्द आहेत! खुद्द संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिकृत भाषा सहा आहेत. न्यूयॉर्कात सहा चालतात आणि पुण्यात एकच चालते. सगळ्यांची आजी गावाकडची, आणि सभागृहात मात्र कोणाच्या तोंडून आजीचा एक शब्द निघायचा नाही.

मान्य आहे, देशादेशांच्या समितीत एक भाषा ठेवावी लागते, परगावची पोरं येतात. ठीक. पण लोकसभेत? पीकविम्यावर?

आता खरी गोष्ट सांगतो. गाडीवर ती बोलत होती तेव्हा मला तो अध्यक्ष दिसत नव्हता, मी दिसत होतो.

1993. मी नववीत. तालुक्याचं हायस्कूल, मराठी माध्यम, अनुदानित, पत्र्याचं छप्पर. शिक्षणाधिकारी तपासणीला येणार म्हणून नागरिकशास्त्राच्या सरांनी अभिरूप संसद बसवली. 'बसवली' हाच शब्द, नाटक बसवतात तसा. सरांनी दोनशे पानी वहीत सगळं लिहून काढलं होतं. शपथविधी, श्रद्धांजली, प्रश्नोत्तरं, विधेयक, मतदान. कोणी कधी बाक वाजवायचा तेही कंसात लिहिलेलं. कार्बन घालून प्रती काढल्या, प्रत्येकाला आपापलं पान. पंतप्रधान झालेल्या मुलाला वडिलांचं जाकीट, मुली आयांच्या साड्यांत. आवाज मोठा म्हणून मी लोकसभा अध्यक्ष. मुख्याध्यापकांची टॉवेल टाकलेली खुर्ची मला, आणि पुढ्यात विकास सोसायटीच्या ऑफिसातून मागून आणलेली टेबलावरची घंटी. ती वाजवायला मिळावी म्हणून मी आठवडाभर आधीपासून शाळेत लवकर जात होतो.

विरोधी बाकावर एक मुलगी होती. तिच्या पानावर चौथा प्रश्न: दुष्काळी तालुक्यांना पाणी कधी मिळणार? उत्तर पाटबंधारे मंत्र्याला पाठ होतं. ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "मुलींच्या मुतारीला कुलूप का असतं? किल्ली कोणाकडं असती?"

सगळं सभागृह गार. पाटबंधारे मंत्री माझ्याकडे बघतोय, सर शिक्षणाधिकाऱ्यांकडे, शिक्षणाधिकारी चहाच्या कपाकडे. आणि मी घंटी वाजवली. दोनदा. म्हणालो, "हा प्रश्न कामकाजपत्रिकेत नाही. सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं."

हे वाक्य वहीत नव्हतं, माझं मला सुचलं. टाळ्या पडल्या. शिक्षणाधिकाऱ्यांनी भाषणात माझ्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं आणि मला कंपासपेटी मिळाली. ती मी बारावीपर्यंत वापरली.

आता सांगा, त्या कॉलेजातल्या पोराला मी कोणत्या तोंडाने शिव्या घालू?

पण घालणार. कारण मी चौदा वर्षांचा होतो आणि मला वही दिली होती. वही देणारे कोण असतात बघा. शाळांमधल्या संसदेची ही कल्पना निघाली 1962 साली, मुंबईत भरलेल्या प्रतोदांच्या परिषदेत. मग 1966-67 पासून दिल्लीच्या शाळांत स्पर्धा सुरू झाल्या, पुढे केंद्रीय विद्यालयं आली, नवोदय आली. प्रतोद! म्हणजे व्हिप. कधी हजर राहायचं आणि कोणत्या बाजूने मत द्यायचं हे सदस्यांना बजावायचं, हे ज्यांचं काम. त्यांना सुचलेली संसद पाठांतराचीच निघणार, दुसरं काय. (आमच्या सरांबद्दल राग नाही. सर भला माणूस, फीसाठी कोणाचं नाव कधी काढलं नाही त्यांनी. पण ती वही त्यांचीच होती.)

आणि आजची मन म्हणजे काय, वही गेली आणि तिच्या जागी चकचकीत नियमपुस्तिका आली. पोरं 'मी' म्हणत नाहीत, 'फ्रान्सचे प्रतिनिधी असं मानतात' म्हणतात. स्वतःचं मत असलंच तर ते खिशात. शेवटी बेस्ट डेलिगेट, हाय कमेंडेशन, स्पेशल मेन्शन. बक्षीस कोणाला, तर ज्याने दुसऱ्याचं म्हणणं सगळ्यात झोकात मांडलं त्याला. मग ते प्रमाणपत्र परदेशातल्या कॉलेजच्या अर्जाला जोडायचं. नेदरलँड्समधल्या हेगला शाळकरी पोरांची अशी परिषद 1968 पासून भरते, त्यांना लखलाभ. आम्ही तिकडून कोट तेवढा उचलला.

जरा थांबतो. पाणी प्यायलो.

माझ्या बहिणीचा मुलगा अडखळत बोलायचा. दहावीपर्यंत दुकानात जाऊन वस्तू मागायचा नाही, चिठ्ठी द्यायचा. त्याला या मननेच उभं केलं. नॉर्वे होता तो पहिल्या वेळी. ताईला मी आज हे बोलून दाखवलं असतं तर तिने मला फोनवरच झाडलं असतं, आणि तिचं चुकलं नसतं. दुसऱ्याच्या तोंडून बोलणं कधी कधी सोपं जातं, आणि मग हळूहळू आपलं तोंड उघडतं. आहे, तेही आहे. आणि माझी लेक दोन आठवडे पीकविम्याचे शासननिर्णय वाचत होती. या वयात मी फक्त घंटी पुसत होतो.

म्हणून तर जास्त वाईट वाटतं. एवढी तयारी करून पोरगं उभं राहतं, आणि त्याच्या खऱ्या प्रश्नावर घंटी वाजते.

आणि पुढे काय वाढून ठेवलंय या पोरांच्या ताटात? शाळेत संसद-संसद खेळायची, कोट घालून मतदान घ्यायचं, आणि कॉलेजात गेल्यावर निवडणूकच नाही. महाराष्ट्रात 1994 च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या खुल्या निवडणुका बंद केल्या. हाणामाऱ्या होत होत्या, एका विद्यार्थी नेत्याचा खूनही झाला होता, खोटं नाही. 2016 च्या कायद्याने त्या कागदावर परत आणल्या. कागदावर. 2019 ला होणार म्हणून गाजावाजा झाला आणि पुढे ढकलल्या. अठराव्या वर्षी देशाचा पंतप्रधान निवडायला मदत करा, पण वर्गाचा प्रतिनिधी नको, भांडणं होतात. मोठ्यांचं तरी काय वेगळं! मुंबई-पुण्याच्या महापालिका 2022 पासून कितीतरी काळ प्रशासकाच्या हाती होत्या. आमच्या गल्लीतलं गटाराचं झाकण कोणाला विचारायचं हे कळत नव्हतं, आणि लेक बसून सुरक्षा परिषदेतल्या नकाराधिकारावर टिपणं काढत होती. मी तिला म्हटलंही होतं, झाकणावर नकाराधिकार वापर.

मला पुन्हा पुन्हा ती खुर्चीच आठवते. त्याच तासगाव तालुक्यात, विसापूरला, रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. वि. स. पागे यांचा. 1960 ते 1978 ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीचं काम काय, तर दुसऱ्यांना बोलू देणं. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला, हाताला काम मागणाऱ्याचा हक्क कायद्यात यायला हवा असं वाटलं, आणि 1977 साली महाराष्ट्राने कायदा केला. दिल्लीला तोच कायदा करायला 2005 उजाडलं. हे आमच्या सरांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. बहुतेक त्यांनाही कोणी सांगितलं नसेल. विसापूर आमच्या शाळेपासून सायकलच्या अंतरावर, आणि आम्ही पाठ काय करत होतो, तर राष्ट्रपतींच्या अभिभाषणाबद्दल आभार मानण्याचा ठराव.

मलाही खुर्ची मिळाली होती. पाऊण तासच, पण मिळाली होती. मी म्हणू शकलो असतो, 'मंत्रिमहोदयांनी उत्तर द्यावं.' एवढंच. मंत्र्याला उत्तर आलं नसतं, त्याने मुख्याध्यापकांकडे बघितलं असतं, आणि मुख्याध्यापकांना काहीतरी बोलावंच लागलं असतं, कारण समोर साहेब बसले होते. त्या मुलीने सगळा हिशोब करून, साहेब असतानाचा दिवस निवडून विचारलं होतं. हे मला कळायला बत्तीस वर्षं लागली. सबंध हायस्कुलात त्या दिवशी संसद कशासाठी असते हे एकटीला कळलं होतं आणि अध्यक्षांनी तिलाच खाली बसवलं.

पुढच्या वर्षी ती वर्गात नव्हती. लग्न झालं म्हणाले. त्याचा याच्याशी संबंध जोडत नाहीये, उगीच कमेंटमध्ये रडू नका.

मन भरवणाऱ्यांपैकी कोणी माझ्या यादीत असेल तर एवढंच करा. पुढच्या खेपेला लोकसभेच्या समितीत भाषा मोकळी ठेवा. ज्याला समजणार नाही त्याला शेजारच्याने सांगावं, पोरं वर्गात तेच तर करतात दिवसभर. आणि तासभर खरा शून्य प्रहर ठेवा, म्हणजे कामकाजपत्रिकेत नसलेले प्रश्न मांडायची वेळ. समोर प्रतिनिधी नको, ज्या शाळेत भरवताय तिथले मुख्याध्यापक बसवा, वॉर्ड ऑफिसातला एखादा अधिकारी बसवा, आणि पोरांना कोट काढून विचारू द्या. येणार नाहीत ते, माहीत आहे. बोलावून तर बघा.

हे सगळं पोस्ट करायच्या आधी लेकीला वाचून दाखवलं. आजोबांची बोली बरोबर उतरली का ते विचारायचं होतं. तिने ती ठीक आहे म्हटलं, 'खुसकन हसलं' काढा म्हणाली, मी काढलं नाही. डिसेंबरात दुसऱ्या शाळेत आहे, तिथे जाणार म्हणते, फी तीन हजार. जा म्हटलं.

मग तिने विचारलं, "बाबा, ते कुलूप उघडलं का पुढे?"

मी त्या शाळेत दहावीपर्यंत शिकलो, निरोप समारंभात भाषणही केलं. आणि मला माहीत नाही. मुलींची होती ना ती. तिकडे बघायला मी कधी गेलोच नाही.