धकाधकीच्या युगाला घेऊन जा गे मारबत!

नागपूरच्या कॉलेजात प्रथम वर्षाच्या मराठी लेखनकौशल्याची पत वेळापत्रकावरूनच कळते. तास एक तर सकाळी साडेसातचा, नाहीतर प्रॅक्टिकल आटोपून पोरं बर्डीच्या बाजाराची वाट धरतात तेव्हाचा. नव्या शैक्षणिक धोरणात याला क्षमतावर्धन म्हणतात. दोन क्रेडिट, म्हणजे साधारण ३० तास. त्यातून जुलैचा पाऊस, लांबलेले प्रवेश, पोळा आणि गणपती वजा करा. उरलेल्या तासांत ऐंशी पोरापोरींकडून सरळ मराठीत एक पान लिहून घ्यायचं असतं.

पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, हे पेपरात येते का?" येते म्हटलं की, "मग नोट्स द्या न." नोट्स नसतात म्हटलं की, "किती पानं लिहाचे मग?" लेखनाबद्दलची वर्गाची जिज्ञासा इथं संपते.

माझं ठाम मत आहे की पहिल्या तासाला भाषण देऊ नये. प्रत्येकाला एक कोरा फुलस्केप द्यावा, मोबाइल बॅगेत टाकायला लावावेत, वेळ पंधरा मिनिटं आणि विषय 'कॉलेजात येतानाचा रस्ता'. कागद गोळा केले की बहुतेकांवर एकच वाक्य भेटतं: 'आजच्या धकाधकीच्या युगात रस्त्यांना अनन्यसाधारण महत्त्व आहे.' रस्ता हिंगण्याचा की कामठीचा, पत्ता नाही. सिमेंटचा की खड्ड्यांचा, तेही नाही. मध्ये एक सुविचार आणि शेवटी 'म्हणून आपण सर्वांनी रस्त्यांची काळजी घेतली पाहिजे'. पोर रोज तासभर बसमध्ये लोंबकळत येतं आणि लिहिताना पालकमंत्री होतं.

यात पोरांचा दोष कमीच. दहावी-बारावीत प्रस्तावना, तीन परिच्छेद, सुविचार, समारोप या साच्याला गुण पडतात, आणि साचा कुठल्याही विषयाला बसतो. खात्री करायची तर शीर्षकावर अंगठा ठेवून निबंध वाचा. विषय रस्ता आहे, वृक्ष आहे की स्त्रीशिक्षण, हे ओळखता येत नसेल तर तो निबंध कुणीच लिहिलेला नाही, तो नुसता उतरला आहे.

त्यावरचा उपाय नागपुरातच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं मारबत म्हणजे बाईचा मोठा पुतळा मिरवणुकीनं निघतो आणि शहरभरची रोगराई, इडापिडा तिच्या गळ्यात घालून तिला हाकलतात. तीच रीत वर्गात चालवावी. फळ्यावर 'धकाधकीचे युग', 'अनन्यसाधारण महत्त्व', 'नाण्याच्या दोन बाजू', 'काळाची गरज' अशी यादी लिहायची, पोरांकडून भर घालून घ्यायची आणि मग सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "घेऊन जा गे मारबत!" शेजारच्या वर्गातले अकाउंट्सचे सर दारात येऊन बघून जातात. येऊ द्यावेत. त्यानंतर त्या यादीतला शब्द वापरला की वर्गच ओरडतो, आपला लाल पेन वाचतो. शिवाय मिरवणुकीतल्या बडग्यांच्या, म्हणजे टवाळीच्या पुतळ्यांच्या, पाट्याही बघून यायला सांगावं. महागाईवर, पुढाऱ्यांवर, रस्त्यांवर टोमणा मारायचा, तोही गर्दीतून धावता वाचता येईल एवढ्याच शब्दांत. प्रस्तावनेला तिथं जागाच नसते.

मग खरा स्वाध्याय द्यायचा: तर्री पोह्याच्या टपरीवर दहा मिनिटं उभं राहून दीडशे शब्द. पहिला खर्डा ठरलेला असतो: 'तर्री पोहे खूप चविष्ट असतात. तिथे खूप गर्दी असते.' इथं विशेषणांवर रागावून उपयोग नाही, प्रश्न विचारावे लागतात. पोहे आधी वाढतात की तर्री? तर्रीत हरभरे किती, रस्सा किती? कांदा कोण मागतो? दुसऱ्यांदा तर्री मागितली की काय होतं? या शेवटच्या प्रश्नाला सगळा वर्ग जागा होतो. "सर, दुसऱ्यांदा नुसता रस्साच देते न तो! चमचा खालपर्यंत घालतच नाही." हे लिही, असं म्हटलं की पोर बिचकून विचारतं, "असंच लिहाचं?" असंच. टपरीवाल्याचा चमचा कुठवर बुडतो हे दिसलं की 'खूप' आपोआप गळतं. बोलण्यातलं 'देऊन राहिला' अवतरणात तसंच राहू द्यावं, ते 'देत आहे' करणारा मास्तर मला अरसिक वाटतो.

शुद्धलेखनाचे नियम आहेत अठरा: चौदा १९६२चे, चार १९७२चे. ते एका दमात शिकवले की पोरं लिहायचीच थांबतात. मी एकच धरतो, कारण तो गावाच्या नावातच बसला आहे: नागपूर दीर्घ, पण नागपुरात ऱ्हस्व. फूल-फुलाचा, वकील-वकिलाला त्याच्याच मागे येतात. एवढ्यानं कागद बराच स्वच्छ होतो.

टायपिंगची तऱ्हा आणखी वेगळी. कुणीतरी झेरॉक्सच्या दुकानातून कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणतं, आणि ती फाइल मोबाइलवर उघडली की नागपूरच्या जागी यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे अशी अक्षरं रांगेत उभी. अशा फॉन्टमध्ये मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. म्हणून युनिकोडच सांगावं, मोबाइलमधला मराठी कीबोर्ड त्यासाठी पुरतो. मात्र यंत्राकडून अख्खा निबंध मागवणारेही त्याच मोबाइलवर असतात. ते ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक असतात आणि धकाधकीचं युग परत आलेलं असतं.

राहता राहिली तपासणी. ऐंशी कागद, कागदाला पाच मिनिटं धरली तरी सहा तास चाळीस मिनिटं, आणि खर्डे तीन. सगळ्या चुका लाल केल्या तर डोळे जातात आणि पोरगं फक्त गुण बघून कागदाची घडी करतं. म्हणून कागदामागे दोनच खुणा: एक वाक्य जिथं काही दिसलं, आणि एक जिथं अंगठा ठेवला तरी चाललं असतं. दुसरा खर्डा शेजाऱ्यानं मोठ्यानं वाचायचा. वाचणारा अडखळला तिथं लिहिणाऱ्यानं स्वतः पेन्सिल मारायची. तिसऱ्या खर्ड्याशी येईतो अंतर्गत गुण भरायची शेवटची तारीख उजाडते, साइट चालत नाही, आणि स्टाफरूममध्ये निरोप येतो की उपक्रमाचा अहवाल दोन पानांत द्यावा, सुरुवातीला प्रस्तावना आवश्यक.