वाळलेला बेहडा का तोडला नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सुहासराव, प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: देवराईच्या कडेच्या सहा एकरांत आम्ही चार वर्षांत जेमतेम साठ रोपं लावली, करवंदीच्या जाळ्या माजू दिल्या, वाळलेला बेहडा तसाच उभा ठेवला आणि वर याला जंगल राखणं म्हणतो. त्या जागेत हजार साग सहज लागले असते, सागातही पक्षी असतातच, आणि वाळकं लाकूड म्हणजे वणव्याला आवतण.

वणव्याचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि मूळ लेखात मी ते टाळलं होतं. गेल्या मार्चमध्ये सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, आग आली. गवत तासाभरात जळून विझलं, पण एका पोकळ सावरीच्या बुंध्यात विस्तव शिरला आणि ती तीन दिवस आतून धुमसत राहिली. हंडे वाहून आमचे खांदे गेले. तेव्हापासून डिसेंबरातच जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढतो, वाळक्या खोडांभोवतीचं गवत-पाचोळा ओढून घेतो. बेहड्याची वाटेवर आलेली फांदीही उतरवली. झाड मात्र ठेवलं.

का, ते सांगतो. त्या बेहड्यावर पहिल्या वर्षी सुतार पक्ष्याने भोक पाडलं. बुंध्याशी नखाएवढ्या कपच्यांचा सडा पडला होता, ताज्या, आतून पिवळसर. सुतार सहसा पुढच्या वर्षी नवं घर कोरतो, जुनं मोकळं राहतं. दुसऱ्या वर्षी तिथे दयाळ आला. तिसऱ्या वर्षी दयाळ आणि पोपटांची आठवडाभर भांडणं चालली, शेवटी पोपट जिंकले. पोपट, दयाळ, पिंगळा यांना स्वतःला लाकूड कोरून घर करता येत नाही. दुसऱ्याने सोडलेलं किंवा आपोआप झालेलं भोक शोधायचं, एवढंच त्यांच्या हातात.

धनेशाची, म्हणजे आपल्या ककणेराची, अडचण आणखी मोठी. त्याला लागते मोठी ढोली, म्हणजे खोडातली पोकळी. मादी आत बसून विष्ठेने तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि नर कित्येक आठवडे त्या फटीतून फळं भरवतो. अशी ढोली व्हायला झाड आधी जुनं व्हावं लागतं, मग फांदी मोडावी, तिथे पाणी मुरावं, बुरशीने गाभा खावा. 2019 च्या पावसाळ्यात राज्याने 33 कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. सगळी जगली असं धरलं, तरी ढोलीसाठी आपल्या नातवंडांनाही थांबावं लागेल.

सागाचंही खरं आहे. शंभराहून अधिक वर्षं कुणाला न दिसलेला रानपिंगळा 1997 साली शहाद्याजवळ सापडला, तो साग असलेल्या पानगळी रानातच. पण ते रान आहे, ओळीत लावलेला साग नव्हे. आणि अंडी घालायला ढोली त्यालाही लागतेच.

आता करवंदी. बुलबुल करवंदं खायला येतो, जाळीवर बसतो आणि आधी कुठेतरी खाल्लेल्या फळांच्या बिया तिथेच टाकतो. काट्यांमुळे गुरं आत तोंड घालत नाहीत. मागच्या पावसानंतर एका जाळीत वाकून पाहिलं, तर चार आसाण्याची आणि दोन चांदाड्याची रोपं. आम्ही लावलेली नव्हेत. नवरंग पक्षीही पावसाळ्यात अशाच गचपणात उतरतो, पाचोळा उलथून किडे वेचतो, जमिनीलगत घरटं बांधतो. 'साफसफाई' केली की तो गेलाच.

ती साठ रोपं मुख्यतः रानजायफळ आणि उंबराची आहेत. जायफळाची बी बुलबुलाच्या घशात मावत नाही, ती धनेशासारख्या मोठ्या चोचीनेच लांब जाते. आसपास जायफळाचं मोठं झाडच उरलेलं नाही, म्हणून तेवढं काम हाताने केलं.

एकदा या. जानेवारीत, सकाळी सातच्या आत. धनेशाची ढोली दाखवणार नाही, आधीच सांगतो. खाली माणसं उभी राहिली की नर घास घेऊन यायला कचरतो. बेहड्यापर्यंत मात्र नेईन. डोक्याला टोपी असू द्या, वरून अजून काटक्या पडतात.