सात सोनेरी नियम आणि टाकीतलं पाणी

‘मावशी, पन्नास बोर्ड टाकतोय.’ भाच्याचा मेसेज शनिवारी रात्री आला आणि त्याच्या पाठोपाठ ‘घरबसल्या आयओटी प्रॉडक्ट : सात सोनेरी नियम’ नावाचा लांबलचक फॉरवर्ड (आयओटी म्हणजे इंटरनेटला जोडलेली उपकरणं). हाच फॉरवर्ड आधी ऑफिसच्या ग्रुपवर येऊन गेला होता, मग सोसायटीच्या. दोन्ही वेळा हसून सोडून दिला. पण भाचा सांगलीत डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टाकीची मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणारा डबा बनवतोय आणि गल्लीतल्या लोकांकडून आगाऊ पैसेही घेऊन बसलाय. म्हणजे हे सात नियम आता पन्नास घरांच्या भिंतींवर चढणार होते. मग हसू येईना.

मी भोसरीत इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड डिझाइन करते, अठरा वर्षं झाली. चुका मीही पोत्याने केल्यात. त्यातल्या निम्म्या या यादीत ‘नियम’ म्हणून दिसल्या, म्हणून हे लिहितेय.

पहिला नियम : ‘ट्रॅकला काटकोनात वळवू नका, वेगाने येणारे इलेक्ट्रॉन कोपऱ्यावर आपटून ट्रॅक फाटतो.’

हे लिहिणाऱ्याने एकदा तरी गणित करायचं. ट्रॅक म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ. पाव मिलिमीटर रुंदीचा, नेहमीच्या ३५ मायक्रॉन जाड तांब्याचा ट्रॅक घ्या आणि त्यातून १०० मिलिअँपिअर सोडा. इलेक्ट्रॉनांचा पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरही भरत नाही. साखरेच्या डब्याकडे निघालेली मुंगी त्यांना सहज मागे टाकेल. आपटतात कसले! एवढं मान्य करते की गिगाहर्ट्‌झच्या सिग्नलला काटकोन थोडा जाणवतो, आणि पूर्वी बोर्ड कोरताना अशा कोपऱ्यांत रसायन साचायची भीती असायची. म्हणून आम्ही सगळे पंचेचाळीस अंशात वळतो, आणि ते दिसतंही बरं. पण रिले, म्हणजे विजेने दाबला जाणारा स्विच, चालवणाऱ्या बोर्डावर रात्र जागवण्यासारखी ही गोष्ट नाही.

दुसरा : ‘प्रत्येक आयसीपाशी छोटे कपॅसिटर लावणं म्हणजे पैसे वाया, सप्लायपाशी एकच हजार मायक्रोफॅरडचा लावा.’

भाच्याने हे तंतोतंत पाळलं होतं. मोठा कपॅसिटर बोर्डाच्या एका टोकाला, चिप दुसऱ्या. मोठा कपॅसिटर म्हणजे गच्चीवरची टाकी. छोटा १०० नॅनोफॅरडचा म्हणजे ओट्याजवळचा तांब्या. चिपला दोन नॅनोसेकंदांत पाणी हवं असतं, गच्चीवरून येईपर्यंत तहान निघून जाते. आकड्यात सांगायचं तर ट्रॅकच्या दर मिलिमीटरला साधारण एक नॅनोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहाच्या अचानक बदलाला होणारा अडथळा, धरतात. २० मिलिमीटर ट्रॅक म्हणजे २० नॅनोहेन्री. त्यातून दोन नॅनोसेकंदांत १०० मिलिअँपिअर ओढले की एक व्होल्ट तिथेच गळतो. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या चिपचा एक व्होल्ट गेला तर राहिलं काय? ‘मावशी, मधूनच रीसेट होतो, कोडमध्ये बग असेल,’ असं हा पोरगा तीन आठवडे म्हणत होता. कोडमध्ये काही नव्हतं. मोठाही लावा, छोटाही लावा, आणि छोटा चिपच्या पायाला चिकटून लावा.

आता तिसरा. बाकीचे सहा नसते तरी या एकासाठी मी लिहिलं असतं.

‘महागडं पॉवर मॉड्यूल कशाला? एक कपॅसिटर, चार डायोड, एक झेनर. दहा-पंधरा रुपयांत २३० व्होल्टचे पाच व्होल्ट.’

असं सर्किट अस्तित्वात आहे, हे खरं. कितीतरी स्वस्त एलईडी बल्बांत ते असतं. पण बल्ब सगळीकडून बंद असतो, त्यातून कुठलीही वायर बाहेर येत नाही आणि त्याला कोणी यूएसबी जोडत नाही. या सर्किटात ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे घरातली वीज आणि तुमचं सर्किट यांच्यात भिंतच नाही. मेनची एक वायर फक्त डायोडमधून बोर्डाच्या ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूला, जाते. ती न्यूट्रल असेल असं फॉरवर्ड गृहीत धरतो. आपल्याकडे दोन पिनांचा प्लग दोन्ही बाजूंनी बसतो, आणि जुन्या घरांत फेज-न्यूट्रल कुठल्या भोकात आहे ते टेस्टर लावल्याशिवाय घरमालकालाही सांगता येत नाही. प्लग उलटा बसला की ग्राउंडवर फेज. म्हणजे ३२५ व्होल्टचं शिखर.

आता त्याच्या डब्यातून काय बाहेर येतंय ते बघा. पाण्याची पातळी कळावी म्हणून टाकीत सोडलेल्या स्टीलच्या तीन सळ्या! त्यातली एक थेट बोर्डाच्या सप्लायला. प्लग उलटा बसला तर अख्ख्या टाकीतलं पाणी फेजला जोडलं जातं. टाकी साफ करायला मे महिन्यात आत कोण उतरतं? पाणी किती आलंय ते बघायला हात कोण घालतं? पन्नासपैकी किती घरांत आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, आहे, हे मी त्याला विचारलं. ‘ते काय असतं?’ म्हणाला. इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे पोरगा. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता, मी फोन ठेवून चहा करून आले.

बरं, जिवाचं सोडा, हे सर्किट चालतही नाही. ५० हर्ट्‌झला एक मायक्रोफॅरडमधून जेमतेम ७० मिलिअँपिअर मिळतात. डब्यातली ईएसपी-३२ ही चिप वायफायवर पाठवायला लागली की २४० मिलिअँपिअरपर्यंत ओढते, आणि बनवणारी एस्प्रेसिफ कंपनीच सप्लाय निदान ५०० मिलिअँपिअरचा ठेवा म्हणते. म्हणजे मेनचा व्होल्टेज सोसणारा सात मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. तो आणा, डब्यात बसवून दाखवा, आणि मग वाचलेले पैसे मोजू.

मग करायचं काय? आयसोलेटेड, म्हणजे मेनपासून वेगळं ठेवणारं, एसी-डीसी मॉड्यूल घ्यायचं. हाय-लिंकचं पाच व्होल्ट, ६०० मिलिअँपिअरचं छोटं चौकोनी मॉड्यूल मिळतं. फक्त ते विश्वासाच्या दुकानातून घ्या. आधी फ्यूज, मग व्होल्टेजची उसळी गिळणारा एमओव्ही. बोर्डावर मेनची बाजू आणि पाच व्होल्टची बाजू यांच्यामध्ये साडेसहा मिलिमीटरपेक्षा कमी अंतर मी ठेवत नाही, आणि त्या पट्ट्यात कुठलाही ट्रॅक, ग्राउंड किंवा हौसेने काढलेला तांब्याचा लोगो येऊ देत नाही. रिलेच्या पायांमध्ये जागा कमी पडली तर बोर्डाला तिथे चीर द्यायची. मोटर थेट निळ्या रिलेवर नको. त्यावर छापलेले दहा अँपिअर हे हीटरसारख्या लोडसाठी असतात. मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या कितीतरी पट ओढते आणि एक दिवस रिलेचे पॉइंट चिकटतात. मग मोबाईलवर ‘बंद’ आणि बोअरमध्ये मोटर कोरडी फिरतेय. रिलेने कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरसाठीचा दणकट स्विच, चालवायचा, कॉन्टॅक्टरने मोटर. आणि रिलेच्या पिनला खाली ओढणारा एक रेझिस्टर लावा. ईएसपी-३२ च्या काही पिना चालू होताना क्षणभर उड्या मारतात. आपल्याकडे लाइट दिवसातून चारदा जाते-येते, प्रत्येक वेळी मोटरला धक्का बसायला नको.

चौथा नियम ‘मोकळी जागा दिसेल तिथे ग्राउंड भरा.’ बहुतेक ठिकाणी बरोबर आहे, अँटेनाखाली नाही. ईएसपी-३२ मॉड्यूलच्या अँटेनाभोवती १५ मिलिमीटर मोकळं सोडा, अँटेना बोर्डाच्या कडेला काढा. आणि डबा लोखंडी स्टार्टर पेटीत बसवून ‘रेंज नाही’ म्हणू नका. पुढे.

पाचवा : ‘सगळ्या डिव्हाइसना एकच पासवर्ड ठेवा, सपोर्ट सोपा जातो. आपल्यासारख्या लहान माणसाला कोण हॅक करणार? फुकटचा सार्वजनिक ब्रोकर वापरा.’

‘कोण हॅक करणार’ या वाक्यातली ‘कोण’ ही कल्पनाच चुकीची आहे. तिथे माणूस बसलेला नसतो. २०१६ मध्ये मिराई नावाचा प्रोग्राम इंटरनेटवर एकेक पत्ता ठोठावत फिरला. त्याच्याकडे साठेक तयार जोड्या होत्या, ‘ॲडमिन-ॲडमिन’ छापाच्या. कारखान्यातून निघालेले आणि कोणी न बदललेले पासवर्ड. पुढच्या वर्षी युसेनिक्स सिक्युरिटी परिषदेत त्यावर सविस्तर शोधनिबंध आला. पहिल्या वीस तासांत सुमारे ६५ हजार उपकरणं, पुढे दोन-तीन लाखांवर स्थिर, आणि ऐन भरात सहा लाख. कॅमेरे, डीव्हीआर, राउटर. सगळी ‘लहान माणसांची’. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला साइटच्या नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन्‌तास अडखळल्या. मिराई लिहिणारे तिघंही विशी-बाविशीतले. त्यांनी २०१७ च्या डिसेंबरमध्ये गुन्हा कबूल केला. त्या कॅमेऱ्याच्या मालकांचं कोणाशी वैर नव्हतं. त्यांचा पासवर्ड फक्त यादीत होता.

म्हणूनच युरोपचं २०२० सालचं ईएन ३०३ ६४५ हे मानक उघडलं तर पहिलीच अट आहे की सगळ्या उपकरणांना एकच पासवर्ड चालणार नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून तो कायदाच आहे. आपल्या दूरसंचार विभागाच्या टीईसीनेही २०२१ मध्ये त्याच मानकावर आधारित आचारसंहिता काढली. पन्नास डबे बनवणाऱ्याला पोलीस पकडायला येणार नाहीत, ठीक. पण अट अवघड आहे का? बोर्डात प्रोग्राम भरताना संगणकावर दहा ओळींची स्क्रिप्ट प्रत्येकासाठी वेगळा पासवर्ड काढते, तो स्टिकरवर छापून डब्याच्या मागे लावायचा. फॉरवर्ड पुढे म्हणतो, ‘वेगळाच हवा तर मॅक ॲड्रेसचे शेवटचे सहा अंक घ्या.’ सेटिंगसाठी डबा स्वतःचं वायफाय चालू करतो तेव्हा तो मॅक ॲड्रेस, म्हणजे स्वतःचा हार्डवेअर क्रमांक, हवेत ओरडून सांगत असतो. घराची किल्ली दारावर टांगून वर बाण काढायचा हा प्रकार.

आणि तो फुकटचा ब्रोकर, म्हणजे मोबाईल आणि डबा यांच्यातले निरोप पोचवणारा सर्व्हर. भाच्याला फोनवरच विचारलं, टॉपिकचं, म्हणजे निरोप ज्या पत्त्यावर जातात त्याचं, नाव काय? सांगणार इतक्यात मीच त्या ब्रोकरवर सगळे टॉपिक ऐकायला लावले. असे ब्रोकर चाचणीसाठी उघडे ठेवलेले असतात, पासवर्ड नाही, काही नाही. धबधबा सुरू झाला, आणि त्यात ‘सांगली/टाकी/मोटर’ दिसलं. मी पुण्यातून मोबाईलवर ‘ऑन’ टाइप करून पाठवलं. पलीकडे टेबलावर रिले ‘टक्’ वाजला. दोन सेकंद कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, ‘मावशी, बंद कर.’

सहावा, ‘अपडेटची भानगड नको, एकदा चाललं की हात लावू नका.’ यातला अर्धा मोह मलाही होतो. पण चूक निघाली की पन्नास गच्च्यांवर शिडी घेऊन जाणार कोण? अपडेटची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा, दोन कप्प्यांत, म्हणजे नवा प्रोग्राम आपटला तर जुना उठतो. आणि डिजिटल सही तपासल्याशिवाय काहीही स्वीकारायचं नाही. साध्या एचटीटीपीवरून येईल ते गिळणारा डबा म्हणजे अपडेटची सोय तुमची आणि वापर चोराचा.

सातवा : ‘डबा चिकटवून बंद करा, कोड आत सुरक्षित.’ प्रोग्राम भरण्यासाठी ठेवलेले पॅड तिथेच असतात. चिप वाचणारं ईएसपीटूल लावलं की ४ एमबी फ्लॅश मेमरीतलं सगळं नेहमीच्या ११५२०० बॉडच्या वेगाने सहा मिनिटांत बाहेर येतं, आणि त्यात घरमालकाचा वायफाय पासवर्ड साध्या अक्षरांत पडलेला असतो. भंगारात गेलेल्या डब्यातूनही. फ्लॅश एन्क्रिप्शन (मेमरीला कुलूप) आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच प्रोग्राम चालणं) चालू करा. ‘तेही फुटतं,’ असं फॉरवर्डच्या शेवटी लिहिलंय. हो, फुटलंय. २०१९ मध्ये एका संशोधकाने चिपला नेमक्या क्षणी व्होल्टेजचा झटका देऊन ते फोडलं आणि एस्प्रेसिफला चिपची सुधारित आवृत्ती काढावी लागली. पण त्यासाठी बोर्ड हातात लागतो, उपकरणं लागतात, चिकाटी लागते. म्हणून सुधारित आवृत्तीची चिप घ्या आणि प्रत्येक डब्याची किल्ली वेगळी ठेवा, म्हणजे एक फुटला तरी एकोणपन्नास शाबूत राहतात. फक्त ही किल्ली चिपमधल्या ज्या ई-फ्यूजवर कोरली जाते, ते एकदा जाळले की परत येत नाहीत. आधी एका बोर्डावर करून बघा. मी एकदा अख्खा पॅनेल, म्हणजे एकत्र जोडून आलेले सगळे बोर्ड, जाळून बसलेय.

पन्नास बोर्डांची ऑर्डर सध्या थांबलीय. आगाऊ दिलेले पैसे दोघांनी परत मागितले, बाकीचे थांबायला तयार आहेत. काल रात्री बोर्ड बनवायला पाठवायच्या नव्या गर्बर फाइल्स आल्या. सळ्या जाऊन फ्लोट स्विच आलाय, मॉड्यूल आयसोलेटेड आहे, चिपच्या पायाशी १०० नॅनोफॅरड आहेत, अँटेना कडेला आहे. फ्यूज मात्र अजून नाही.