तानाजींचा डावा हात

काल रात्री टीव्हीवर एक ऐतिहासिक सिनेमा लागला होता. नायकाने एका उडीत आठ-दहा जणांना आडवं केलं, तलवारी खणखणल्या, आणि भाच्याने विचारलं, "मावशी, तू दांडपट्टा फिरवायचीस ना? खरंच असं होतं?" त्याला थोडक्यात सांगून झोपायला पाठवलं, पण मला काही झोप येईना. म्हणून लिहितेय.

मी कोल्हापूरची. तेराव्या वर्षी तालमीत मर्दानी खेळ शिकायला लागले. सुरुवातीला कित्येक दिवस हातात काही मिळतच नाही. नुसता पवित्रा, म्हणजे उभं राहणं आणि पाय टाकणं. मग लाठी, मग फरी-गदगा म्हणजे छोटी ढाल आणि काठी, पट्टा फार पुढे. पट्ट्याच्या लोखंडी खोबळ्यात, म्हणजे कोपरापर्यंतच्या मोज्यासारख्या मुठीत, हात घातला आणि आतली आडवी मूठ धरली की मनगट वळायचं बंद होतं. वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. पाच मिनिटांत खांदा भरून येतो, आणि पाय चुकला तर ते लवलवतं पातं आपल्याच पोटरीकडे येतं.

एकदा वस्तादांनी माझ्या तळहातावर लिंबू ठेवलं. म्हणाले, "डोळे मिटायचे नाहीत, बाळ." पातं आलं कधी आणि गेलं कधी ते कळलं नाही. लिंबाच्या दोन फोडी झाल्या होत्या आणि हाताला रसाचा गारवा लागला, बस. भोवती बसलेली सगळी तालीम श्वास रोखून होती. ना पार्श्वसंगीत, ना स्लो मोशन.

तेव्हा डोळ्यांचं पारणं फेडणारी लढाई मला नको, असं अजिबात नाही. १९८७ च्या 'द प्रिन्सेस ब्राइड' या इंग्रजी सिनेमातलं कड्यावरचं द्वंद्व निव्वळ खेळ आहे. दोघे गप्पा मारत लढतात, मध्येच हात बदलतात. पण बॉब अँडरसन आणि पीटर डायमंड यांनी दोन्ही नटांना महिनोन्‌महिने घोटून घेतलं होतं, म्हणून कॅमेरा मागे उभा राहून दोन्ही शरीरं पायापासून डोक्यापर्यंत दाखवू शकतो. अँडरसन स्वतः ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी केलेला माणूस. तिथला प्रत्येक डाव माझ्या डोळ्यांना कळतो.

आपल्याकडे तेच कळत नाही. अर्ध्या सेकंदाला कट, नाहीतर हवेत तरंगणारा माणूस. वार माणसावर नसतोच, समोरच्याच्या तलवारीवर असतो, कारण शूटिंगला तेच सुरक्षित. आपल्या लढाईत वार झेलायचा तो ढालीवर. पण पडद्यावर ढाल पाठीवर लटकलेली आणि पात्यावर पातं आपटतंय! म्यानातून तलवार निघताना तो 'छण्ण' आवाजही असाच. म्यान आतून लाकडाचं, वर चामडं किंवा मखमल. लाकडावर पोलाद घासून घंटा कशी वाजेल? आणि मणभर वजनाच्या तलवारींच्या गोष्टी तर पुरे झाल्या आता. युद्धातली तलवार साधारण एक-सव्वा किलोची. तीच तासभर चालवून बघा म्हणजे वजन म्हणजे काय ते कळेल.

दमणं. माझ्या मते सगळं इथे अडतं. पन्हाळा ते पावनखिंड हा पावसाळी ट्रेक ज्यांनी केलाय त्यांना विचारा. दोन दिवसांत, मुक्काम करत, पाठीवर फक्त सॅक असताना पाय चिखलात भरून येतात. १६६० च्या जुलैत बाजीप्रभू आणि त्यांची माणसं हीच वाट रातोरात पळत तुडवून लढायला उभी राहिली. ती माणसं पडद्यावर ताजीतवानी दिसली की माझा जीव तुटतो. त्यांचा थकवा पुसला की त्यांनी काय केलं तेच पुसलं जातं.

सिनेमातल्या लढाया बसवणाऱ्या विल्यम हॉब्ज या माणसाने हे दमणं नीट ओळखलं होतं. 'द ड्युएलिस्ट्स'मध्ये, १९७७ साली, तळघरात दोघे जड सेबर, म्हणजे लष्करी तलवारी, घेऊन इतके लढतात की हात वर उचलवत नाहीत. 'रॉब रॉय' सिनेमाच्या शेवटच्या द्वंद्वातही तो थकलेला धिप्पाड नायक हरलेलाच असतो. गळ्याशी आलेलं शत्रूचं पातं तो उघड्या हाताने पकडतो आणि दुसऱ्या हाताने वार करतो.

ते पाहिलं की मला दरवेळी सिंहगड आठवतो. सभासदाने बखरीत तानाजी-उदेभानाची झुंज मोजक्या ओळींत लिहिली आहे. तानाजींच्या डाव्या हातातली ढाल तुटली. दुसरी वेळेवर आली नाही. मग त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली आणि त्यावर वार झेलत लढले. दोघेही पडले.

दुसरी ढाल वेळेवर आली नाही! ती यायला हवी होती, त्यांनी एकदा तरी मागे वळून पाहिलं असेल, आणि मग हात पुढे केला असेल. यात कुठली उडी घालायची? कुठला सिंह गर्जायचा? फक्त तो हात दाखवा. पहिला वार बसल्यावर बोटं कशी झाली, दुसऱ्यानंतर तो कसा खाली यायला लागला, तरी परत वर कसा गेला. कॅमेरा हलवू नका, गाणं लावू नका.

२०२४ मध्ये दांडपट्टा आपलं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. ज्यांच्या हातात तो अजून जिवंत आहे असे वस्ताद कोल्हापुरात आजही मुलं शिकवतायत. पुढचा ऐतिहासिक सिनेमा करणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर हात जोडून सांगते, त्यांना शूटिंगच्या दोन दिवस आधी बोलावू नका. सहा महिने आधी या, नटांना घेऊन या, आणि पहिला महिनाभर नुसता पवित्रा करू द्या.