नाव सांगा ना, काय मारलंत ते!

सोसायटीत पेस्ट कंट्रोल असलं की ग्रुपवर आदल्या रात्री मेसेज, 'उद्या किचनच्या ट्रॉल्या रिकाम्या ठेवा'. बास. काय मारणार, किती वेळ घराबाहेर थांबायचं, काही नाही. सकाळी एक पोरगा येतो, तोंडाला रुमाल, हातात ग्लोव्हज पण नाहीत, विचारलं कुठलं औषध आहे तर 'हर्बल आहे मॅडम, बिनवासाचं, लहान मुलांना काय होत नाय'. अहो हर्बल आहे तर झुरळं काय काढा पिऊन मरतात का?? त्या पोरावर राग नाहीये, त्यालाच कुणी काही सांगितलेलं नसतं आणि रोज दहा घरात तेच नाकात जातं त्याच्या. राग आहे तो काँट्रॅक्टरवर आणि आमच्या कमिटीवर.

वास नाही म्हणजे विष नाही, हे कुठल्या शाळेत शिकवलं? बहुतेक वेळा सायपरमेथ्रिन नाहीतर डेल्टामेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. उघड्यावर उन्हात ते लवकर मोडतं, पण ओट्याखाली, सोफ्यामागे, गादीखाली ऊन कुठून येणार, तिथल्या धुळीत ते आठवडेच्या आठवडे, कधी महिने बसून राहतं आणि त्या धुळीत रांगतं कोण तर घरातलं सगळ्यात लहान पोर. मांजर पाळणाऱ्यांनी तर त्यांच्याच जातीचं परमेथ्रिन आहे का हे विचारायलाच पाहिजे, मांजराला ते नीट पचवता येत नाही, झटके येऊन जीवही जाऊ शकतो.

मध्ये खालच्या मजल्यावर वाळवीचं काम झालं, भिंतीला भोकं पाडून काहीतरी भरलं, जिन्यात कितीतरी दिवस डोकं धरणारा वास. केमिकल कुठलं? 'अँटी-टर्माइट'. अरे ते कामाचं नाव झालं रे, केमिकलचं सांग! क्लोरपायरीफॉस होतं का, वाळवीवर मारतात ते कीटकनाशक? कारण घरातला त्याचा वापर अमेरिकेने वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच जवळजवळ बंद केला, आणि २०२५ मध्ये ते स्टॉकहोम करारात गेलं, म्हणजे वर्षानुवर्षं न मोडणाऱ्या विषांना आवर घालणारा जो आंतरराष्ट्रीय करार, ज्यात डीडीटी पण आहे, त्याच. डीडीटीचं पण असंच, आपल्या रायगडात रसायनीला सरकारी कारखान्यात बनायचं, लोक ढेकणांसाठी हाताने पावडर उडवायचे आणि तेव्हाही सगळे म्हणायचे काही होत नाही. शेतीतून ते १९८९ साली बंद केलं, मातीत अजून सापडतं.

आणि ते संध्याकाळचं फॉगिंग!! डिझेलमध्ये कीटकनाशक मिसळून फटफट आवाज करत गाडी येते, पाच मिनिटांत अख्खी गल्ली पांढरी, पोरं त्या धुरामागे पळतायत, खिडक्या लावेपर्यंत अर्धा धूर घरात, वाळत घातलेले कपडे परत धुवा, आणि मशीनशेजारी भावी नगरसेवकाचा फोटो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो हो! आणि धुराने मेलाच तर उडणारा डास मरतो, पाण्यातल्या अळीला ढिम्म काही होत नाही, ती आठवड्याभरात पंख फुटून बाहेर.

आमच्या मजल्यावरचे एक काका गेटवर सिगारेट ओढणाऱ्या ड्रायव्हर लोकांना हाकलतात. छान. तेच काका रात्री दारंखिडक्या बंद करून डासांची कॉइल लावतात. २००३ मध्ये चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या होत्या, एका कॉइलमधून जेवढे सूक्ष्म कण निघाले तेवढे यायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील. आपल्या पुण्याचे छातीचे डॉक्टर संदीप साळवी घसा कोरडा करून हेच सांगत आलेत, एक कॉइल म्हणजे शंभर सिगारेटी. काकांना सांगितलं तर आता अगरबत्ती आणली, डासांची. 'नॅचरल' लिहिलंय म्हणे. पुडा उलटा-पालटा करून बघितला, रजिस्ट्रेशन नंबर नाही, घटक नाहीत, नुसतं कडुनिंबाचं पान छापलंय. असल्या बेकायदा अगरबत्त्यांत नोंदणी नसलेली कीटकनाशकं सापडलीत. १९६८ चा कायदा आहे, नोंदणीशिवाय कीटकनाशक विकताच येत नाही, आणि हे वाण्याकडे काउंटरवर मिळतंय.

मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की पुढच्या वेळी औषधाचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर आणि डब्यावरच्या लेबलचा फोटो आदल्या दिवशी टाका, त्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल-पिवळा-निळा-हिरवा, विषारीपणा किती ते त्यावरून कळतं. सेक्रेटरींचा अंगठा आला. नुसता अंगठा! वर कुणीतरी 'मग डेंग्यू झाला तर जबाबदारी तुमची का'. अहो डेंग्यूच्या अळ्या तुमच्याच गॅलरीत कुंडीखालच्या ताटलीत वळवळतायत, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये बघा एकदा! आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून दर पावसाळ्यात रिक्षा ओरडत फिरते, पण ते फुकट आहे ना, बिल नाही की टेंडर नाही, मग कोण करणार.

लेबल दाखवल्याशिवाय माझ्या उंबऱ्याच्या आत आता पंप येणार नाही. लावा दंड मेंटेनन्समध्ये. एजीएमला विषय घ्या, मी येतेच आहे.