पिवळ्या पाटीवरचा तास

स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांवर जागोजाग पिवळ्या पाट्या लावलेल्या असतात आणि पुढचे गाव किती किलोमीटरवर आहे हे न सांगता, तिथे पोहोचायला किती वेळ लागेल, ते त्या सांगतात. ही पद्धत मला प्रथम समजली तेव्हा मी तिचे मनापासून कौतुक केले होते. आपल्याकडे गडाच्या वाटेवर कोणाला विचारले तर ‘हे काय, आलंच’ असे उत्तर मिळते आणि ते ‘आलंच’ दोन टेकाडे ओलांडली तरी येत नाही. त्या मानाने हा तास-मिनिटांचा रोखठोक हिशेब मला फारच सभ्य वाटला. ते कौतुक मी आता साभार परत घेत आहे.

लेक आणि जावई झुरिकला असतात. जूनमध्ये आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो असता लेकीने लाउटरब्रुनेनच्या दरीत पायी हिंडण्याचा बेत आखला. दरीच्या तळातून सपाटीने श्टेखेलबर्गपर्यंत जायचे, तिथून चढून गिमेलवाल्ड नावाच्या खेड्यात पोहोचायचे आणि केबल कारने खाली यायचे, एवढाच तो बेत होता. “बाबा, चढ जमेल ना तुम्हाला?” असे तिने जावयासमोर विचारले, आणि चूक झाली ती तिथे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज सकाळी चढणाऱ्या माणसाने या प्रश्नाला जे उत्तर द्यायचे तेच मी दिले. शिवाय कॉलेजात असताना राजगड कसा एका दमात चढलो होतो, तेही सांगितले. आमच्या हिने ती हकिगत यापूर्वी अनेकदा ऐकलेली असल्यामुळे ती दशम्यांचे पुडके बांधण्यात मग्न राहिली.

सकाळी नऊ वाजता लाउटरब्रुनेनच्या स्टेशनाबाहेर पहिली पाटी भेटली. श्टेखेलबर्गसाठी तिच्यावर दोन तासांपेक्षाही कमी वेळ होता. “म्हणजे अकराला तिथे, आणि जेवायला वर गिमेलवाल्डला,” असे मी घड्याळ पाहून जाहीर केले.

ही दरी पाहताना पहिली पंचाईत मानेची होते. दोन्ही बाजूंना कडे असे सरळ उभे आहेत की, घाटातून आणलेली एखादी प्रचंड भिंत कोणीतरी ओळंबा लावून बसवावी. जावयाने कारण सांगितले ते असे, की हिमयुगातल्या हिमनदीने मुख्य दरी खोलवर कोरून काढली, बाजूच्या लहान दऱ्या मात्र वरच लटकत राहिल्या, आणि त्यामुळे त्यांतल्या ओढ्यांना खाली यायला उडी मारण्यावाचून दुसरा मार्ग उरला नाही. या दरीत ७२ धबधबे असल्याचे सांगतात. मी मोजणीच्या भानगडीत पडलो नाही.

त्यांतला सर्वांत प्रसिद्ध श्टाउबबाख गावाला लागूनच आहे. जवळजवळ ३०० मीटर उंचीवरून निघालेले पाणी खाली येईपर्यंत पाणी राहतच नाही; वाऱ्यावर त्याचे तुषार होतात आणि धुरळ्यासारखे उडत राहतात. नावातल्या ‘श्टाउब’चा अर्थही धूळ असाच आहे. जर्मन कवी गटे १७७९ साली इथे आला होता आणि हा धबधबा पाहून त्याने कविता लिहिली. धबधब्याच्या मागे कड्यात खोदलेल्या वाटेने जाता येते, म्हणून आम्हीही वर गेलो आणि त्या चढणीच्या शेवटी माझ्या तोंडून जे काव्य बाहेर पडले ते ‘अगं आई गं’ एवढेच होते. खाली उतरून पुन्हा पाटीपाशी आलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि पाटीवरच्या वेळेत एका मिनिटाचीही घट झालेली नव्हती.

पुढे अर्ध्या वाटेवर ट्र्युमेलबाख लागतो. हे धबधबे डोंगराच्या पोटात आहेत. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तीन शिखरांच्या हिमनद्यांचे पाणी इथून वाहते, आणि आतल्या आत दहा टप्प्यांत ते असे गरगरत, आपटत खाली येते की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. (संसारी माणसाला ही सोय नाकारता येणार नाही.) बर्फ जोरात वितळत असताना सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत पाणी इथून जाते, असे तिथे कळले आणि मी कठड्याला धरून उभाच राहिलो. गेली सात वर्षे मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. मार्च ते जून माझे आयुष्य टँकरच्या पावत्यांवर सह्या करण्यात जाते. आमचा टँकर दहा हजार लिटरचा. म्हणजे इथे सेकंदाला दोन टँकर, मिनिटाला एकशे वीस, तेही पावतीशिवाय. मी हा हिशेब सोसायटीच्या वार्षिक सभेपर्यंत नेत होतो, तोच ओल्या बाहीला धरून लेकीने मला उजेडात आणले.

श्टेखेलबर्गला पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. दोन तासांच्या आतल्या वाटेला साडेचार तास लागले, याचा अर्थ पाटी चुकीची आहे, असे मी म्हणालो. त्यावर जावयाने अत्यंत अदबीने खुलासा केला की, या वेळा सूत्र लावून काढतात. सपाटीवर ताशी चार किलोमीटरांहून थोडा अधिक वेग धरतात, आणि त्यात थांबणे धरलेले नसते.

“म्हणजे दशम्या धरलेल्या नाहीत?” हिने विचारले.

“नाहीत, आई.”

“मग कसली आली आहे ती वेळ!” असे म्हणून तिने पुडके सोडले, आणि त्या दिवसात मला पटलेले हे एकमेव विधान होय.

गिमेलवाल्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३६० मीटरवर आहे आणि श्टेखेलबर्ग त्याच्या साडेचारशे मीटर खाली. पाटीवर दीड तासाच्या आसपासची वेळ होती. साडेचारशे मीटर म्हणजे किती पर्वत्या, हे मी चढता चढता मोजू लागलो; पण पर्वतीवर दर थोड्या वेळाने देव भेटतो, इथे फक्त पुढचे वळण भेटत होते. पंधरा मिनिटांत बोलणे संपले, अर्ध्या तासात फुशारकी संपली. त्यानंतर वाटेवरचा प्रत्येक लाकडी बाक माझ्या जवळच्या नात्यातला झाला. मला जिथे उभे राहता येत नव्हते अशा उतारावर गाई निवांत चरत होत्या, आणि माझी धाप व त्यांच्या गळ्यातल्या घंटा एकाच लयीत वाजत होत्या.

खरी परीक्षा मात्र शिष्टाचाराची होती. या मुलखात वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस ‘ग्र्युएसेख’ असे अभिवादन करतो आणि त्याला उत्तर देणे भाग असते. त्या जोडाक्षराला लागणारा श्वास माझ्याकडे शिल्लक नव्हता. शेवटी मी हात जोडून मान लववू लागलो. नमस्काराला फुप्फुसे लागत नाहीत, हा त्याचा गुण मला साठाव्या वर्षी परदेशात समजला. हातात दोन काठ्या घेतलेल्या, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी तरी मोठ्या असाव्यात अशा एक आजीबाई मागून आल्या, हसून अभिवादन करून पुढे गेल्या, आणि आम्ही तिसऱ्या बाकावर असताना वर जाऊन परतही आल्या. यावेळी त्यांनीच मला हात जोडले.

तेवढ्यात समोरच्या कड्याकडून चादर जोरात झटकल्यासारखा आवाज आला. पाहतो तो एक माणूस कड्यावरून उडी मारून पॅराशूटने तळाकडे तरंगत चालला होता. ही दरी अशा उड्यांसाठीही नावाजलेली आहे. “बघा,” ही म्हणाली, “तुम्ही सकाळपासून मिळवलेलं त्याने एका मिनिटात उधळलं.”

गिमेलवाल्डला पोहोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. लाकडी घरे, कोनाकोनांत नीट रचलेली सरपणाची लाकडे, समोर बर्फाची शिखरे, आणि रस्त्यात मोटार एकही नाही. हे सगळे मी एका पाण्याच्या लाकडी डोणीच्या काठावर बसून, पाय न हलवता पाहिले. पुढे म्युरेन गावाकडे बोट दाखवणारी पिवळी पाटी समोरच होती. जावयाने तिच्याकडे पाहिले, लेकीने जावयाकडे पाहिले, आणि कोणी काही बोलण्याआधी ही केबल कारच्या स्टेशनाकडे चालू लागली.

वर यायला जे तीन तास लागले होते ते केबिनच्या काचेतून मोजक्या मिनिटांत खाली सरकले. तळाशी उतरलो तेव्हा लाउटरब्रुनेनची बस उभी होती. मी जमेल तितक्या वेगाने निघालो, म्हणजे पायऱ्या एका बाजूने उतरत, कठडा धरून. पण तिची निघायची वेळ झाली होती आणि या देशात वेळ झाली म्हणजे झाली. बस आमच्या डोळ्यांदेखत वळण घेऊन गेली. थांब्याच्या शेजारी पिवळी पाटी होती. लाउटरब्रुनेनला चालत जायची वेळ तिच्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलेली होती.

“पुढची बस येईपर्यंत थांबायचं, की...” लेकीने सुरुवात केली.

हिने पाटीकडे पाठ केली, बाकावर माझ्यासाठी जागा केली आणि उरलेल्या दोन दशम्या बाहेर काढल्या.